एक्स्चेंजवर पोस्टहार्वेस्ट शिकायला जाताय? प्रॅक्टिकलच्या क्रेडिटचं आधी बघा

रावेर-यावल-चोपड्याकडची बरीच पोरंपोरी आता हॉर्टिकल्चरमधे एम.एस्सी. करतायत आणि एक्स्चेंजवर, म्हणजे आपल्या विद्यापीठातर्फे एखादं सेमिस्टर परदेशातल्या विद्यापीठात शिकायला, बाहेर जायचं कसं ते विचारतायत, म्हणून लिहितेय. पोस्टहार्वेस्ट, म्हणजे तोडणीनंतर माल कसा सांभाळायचा, हे केळी पट्ट्यातल्या माणसाला सांगत बसत नाही. घड कापल्यापासून दिल्लीच्या मंडीत पोचेपर्यंत किती माल दबतो नि काळा पडतो ते आपण लहानपणापासून बघतोय. मी नेदरलँड्सला वॅगेनिंगनमधे एक सेमिस्टर करून आले. शिकायला खूप म्हणजे खूप मिळालं. पण परत आल्यावर जे झालं त्याचा राग अजून गेलेला नाही, त्यामुळे आधी तेच.

आपल्याकडे कोर्स २+१ असा असतो, म्हणजे आठवड्याला दोन तास थेअरी आणि एका क्रेडिटचं दोन तास प्रॅक्टिकल, आणि मार्कशीटवर दोन्ही वेगळं दिसतं. तिकडे कोर्स सरळ ६ ईसीटीएसचा, ईसीटीएस म्हणजे युरोपातलं क्रेडिट. तिथे १ ईसीटीएस म्हणजे २८ तास, म्हणजे सहाचे १६८ तास. वाचून वाटतं बापरे, आपल्यापेक्षा कितीतरी जास्त, इथे आल्यावर कोण कशाला अडवेल. पण त्या १६८ तासांत लेक्चर, लॅब, ग्रुपचं काम, खोलीत बसून वाचलेले पेपर, परीक्षेची तयारी सगळं एकत्र धरलेलं असतं, आणि ट्रान्सक्रिप्टवर येते एकच ओळ : कोर्सचं नाव, ६, आणि ग्रेड. प्रॅक्टिकल हा शब्दच कुठे नाही. मी तिथे आठवड्यातल्या कितीतरी दुपारी लॅबमधे काढल्या होत्या, पेनेट्रोमीटरने फळाचा घट्टपणा मोजला, ब्रिक्स म्हणजे रसातली गोडी काढली, श्वसनाचा वेग मोजला, रिपोर्ट लिहिले. इथल्या ऑफिसात टेबलापलीकडून एकच प्रश्न, "प्रॅक्टिकल कुठंय यात?" थेअरी धरली, प्रॅक्टिकल अपूर्ण. ज्युनिअर बॅचसोबत बसून परत केलं आणि डिग्री लांबली. लर्निंग अ‍ॅग्रीमेंटवर, म्हणजे तिकडे कोणते कोर्स करणार त्या करारावर, तिन्ही सह्या होत्या, माझी, इथली, तिथली. पण त्यात कोर्सची नावं आणि एकूण क्रेडिट एवढंच होतं, कोणत्या क्रेडिटच्या बदल्यात कोणतं धरणार हे कुठेच नव्हतं, आणि ज्यांनी सही केली त्यांची मधल्या काळात बदली झाली.

तर नीट वाचा. जायच्या आधी लर्निंग अ‍ॅग्रीमेंटला एक तक्ता जोडून घ्या : आपल्या कोर्सचा कोड, २+१ फोडून लिहिलेलं, समोर तिकडचा कोर्स, आणि त्यातले लॅबचे तास. हे तास तिकडच्या स्टडी गाईडमधे, म्हणजे कोर्सच्या माहितीपुस्तिकेत, दिलेले असतात, ते पान प्रिंट करून त्याच कागदाला लावा. मग त्यावर थीसिसच्या गाईडची सही पुरत नाही, विभागप्रमुख आणि परीक्षा विभाग, दोघांचे शिक्के घ्या आणि आवक नंबर टाकून घ्या, कारण माणूस बदलला तरी नंबर राहतो. तिथे गेल्यावर एखादा कोर्स भरला किंवा वेळापत्रकात अडकला आणि बदलला, तर तक्ता त्याच आठवड्यात नवीन करून मेल करा, लेखी उत्तर आल्याशिवाय गप्प बसू नका. निघण्याआधी कोर्स कोऑर्डिनेटरकडून एका पानाचं पत्र घ्या, या विद्यार्थ्याने इतके तास लॅब केली असं. तिथली माणसं असं पत्र आनंदाने देतात, पण तुम्ही तिथे असताना. परत येऊन मागितलं तर तोवर त्यांचा पुढचा कोर्स सुरू झालेला असतो.

ग्रेडचंही तसंच. तिथे दहापैकी साडेपाचला पास, सात म्हणजे चांगलं, आठ म्हणजे फारच चांगलं, नऊ क्वचित दिसतो. आपल्याकडे दहापैकी सात बघितलं की पोरगी साधारण आहे असं धरतात. तिकडच्या ऑफिसकडे ग्रेडिंग टेबल मिळतं, किती टक्के मुलांना कोणता ग्रेड पडला त्याचं. ते ट्रान्सक्रिप्टसोबत मागून घ्या.

हे वाचून जायचंच रद्द करू नका. कागद नीट असतील तर काहीही अडत नाही, आणि जे शिकाल ते इथे बसून मिळणार नाही. केळी १३-१४ अंशांच्या खाली गेली की सालीखाली तपकिरी रेषा येतात, साल राखाडी पडते आणि नंतर नीट पिकतच नाही, हे पुस्तकात सगळ्यांनीच वाचलंय. तेच फळ वेगवेगळ्या तापमानाला ठेवून रोज कापून बघितलं की आपल्याकडच्या थंडीत केळीचं काय होतं ते एकदम उलगडतं. पिकवणीचंही तसंच, १६ ते १८ अंश, ९० टक्क्यांच्या वर आर्द्रता, १०० पीपीएमच्या आसपास इथिलीन एवढं सगळे सांगतात, पण चेंबरमधे साठलेला कार्बन डायऑक्साइड वेळेवर बाहेर काढला नाही तर इथिलीनचं कामच मंदावतं. आपल्याकडे कितीतरी चेंबरमधे माल एकसारखा पिकत नाही त्याला हेही एक कारण आहे, आणि मग लोक म्हणतात गॅसपेक्षा कार्बाइड बरं होतं. कार्बाइडवर बंदी आहे आणि ती असायलाच पाहिजे, त्यावर माझं दुसरं मत नाही.

सेमिस्टर निवडताना हंगाम बघा, हे कोणी सांगत नाही. तिकडे सफरचंद आणि कॉन्फरन्स जातीच्या पेअरची तोडणी ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत. सप्टेंबरला गेलात तर झाडावरचं फळ तोडून, आयोडिन लावून स्टार्च किती उरलाय ते बघून पक्वता ठरवायला शिकता. फेब्रुवारीत गेलात तर फळ सीए स्टोरेजमधून, म्हणजे हवेतला ऑक्सिजन कमी करून बंद ठेवलेल्या थंड खोलीतून, येतं, तेव्हा साठवणुकीतले रोग आणि गुणवत्ता जास्त दिसते. दोन्ही चांगलं, पण तुमच्या थीसिसला काय लागतं ते आधी ठरवा. आणि सीए खोलीबाबत एक : आत ऑक्सिजन एक-दोन टक्के असतो, माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडतो. सोबतचा कितीही म्हणो, एक पेटी काढून येऊ, दाराच्या आत पाय टाकायचा नाही.

एजंटला पैसे देऊ नका. एक्स्चेंजला तुमचं नाव तुमचं विद्यापीठच पाठवतं, फी इथेच भरायची, आणि नेदरलँड्सच्या व्हिसाचा अर्जसुद्धा तिकडचं विद्यापीठ आयएनडीकडे, म्हणजे तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे, करतं. एजंटला करायला उरतं काय? सीनिअरचा एसओपी, म्हणजे का जायचंय ते सांगणारा अर्जातला निबंध, उचलून नुसतं नाव बदलू नका, शेतातलं स्वतः पाहिलेलं लिहा, तेच वाचतात. गाईड निवडताना मोठं नाव बघू नका. जो मेलला दोन दिवसांत उत्तर देतो आणि तुमच्यासाठी परीक्षा विभागात स्वतः चालत जातो तो गाईड. माझे सर ज्या दिवशी माझ्यासोबत त्या टेबलापाशी येऊन उभे राहिले त्या दिवशी फाईल हलली, त्याआधी मी एकटी चकरा मारत होते.

जन्मदाखल्याचं काम सगळ्यात आधी काढा. चार महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर तिथल्या नगरपालिकेत नोंदणी करावी लागते आणि तिथे अपॉस्टिल केलेला, म्हणजे परदेशात चालेल असा सरकारी शिक्का मारलेला, जन्मदाखला लागतो. आपल्या खेड्यातल्या जुन्या नोंदीत कितीतरी जणांचं नावच नसतं, आईबापाचं नाव आणि तारीख एवढंच. मग ग्रामपंचायतीत नाव चढवा, इंग्रजीतला दाखला घ्या, राज्य सरकारचं अटेस्टेशन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल. ग्रामसेवक भेटेपर्यंतच किती वेळ जातो ते तुम्हाला माहितीये. सप्टेंबरला जायचं असेल तर आदल्या दिवाळीला घरी याल तेव्हाच अर्ज टाका.

जेवणाची काळजी घरचे जास्त करतात. डाळ-तांदूळ, मसाले मिळतात, कळण्याचं पीठ मात्र इथूनच न्यावं लागेल. सायकल जुनी घ्या, कुलूप चांगलं घ्या. शिष्यवृत्ती असली तरी पहिला हप्ता खात्यात पडायला वेळ लागतो, कारण तिथलं बँक खातं नोंदणी झाल्यावर उघडतं, तेव्हा पहिल्या दोन महिन्यांचं भाडं आणि खर्च वेगळा काढून ठेवा, आणि हे घरी आत्ताच सांगा, केळीचे पैसे हातात असताना.