बीगलबोन ब्लॅकवर टायमरचा सिग्नल पिनपर्यंत कसा आणावा

टायमर आतून बिनचूक मोजत असतो, तरीही ऑसिलोस्कोपचा प्रोब लावल्यावर पिनवर नुसती सरळ रेषा दिसते. अशा वेळी टायमरचा ड्रायव्हर पुन्हा पुन्हा उलगडण्यापूर्वी पिनची जोडणी तपासावी. बीगलबोन ब्लॅक या छोट्या संगणक-बोर्डवरील एएम३३५८ प्रोसेसरच्या पिनला आठपर्यंत कामे (मोड) नेमता येतात, आणि त्यांपैकी कोणते चालू राहील हे टायमरमध्ये नव्हे, तर कंट्रोल मॉड्यूल या भागाच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे मांडणी साठवणाऱ्या छोट्या कप्प्यात, ठरते.

प्रथम पिन निवडावी. पी-८ हेडरवर (बोर्डच्या कडेच्या पिनांच्या ओळीवर) टायमर ४, ५, ६ आणि ७ यांचे सिग्नल अनुक्रमे ७, ९, १० आणि ८ क्रमांकाच्या पिनांवर, मोड २ मध्ये मिळतात. हा क्रम सरळ नाही, म्हणून तक्ता समोर ठेवूनच तार लावावी. पिन ३.३ व्होल्टची आहे. तिला ५ व्होल्ट कधीही देऊ नयेत.

आता रजिस्टरचे मूल्य ठरवू. बिट शून्यापासून मोजल्यास ० ते २ क्रमांकाचे बिट मोड सांगतात, ३ क्रमांकाचा बिट १ केल्यास अंतर्गत पुल (पिनची पातळी वर किंवा खाली खेचणारा रोधक) बंद होतो आणि ५ क्रमांकाचा बिट १ केल्यास पिन इनपुट स्वीकारते. आपल्याला मोड २ आणि पुल बंद एवढेच हवे असल्याने मूल्य बायनरीत १०१०, म्हणजे दशमानात १०, येते. पी-८ च्या ७ क्रमांकाच्या पिनचे रजिस्टर कंट्रोल मॉड्यूलच्या आरंभापासून हेक्स (सोळा-आधारी) ८९० वर आहे. मात्र डिव्हाइस ट्रीमधील (हार्डवेअरचे वर्णन करणाऱ्या फाइलमधील) पिनमक्स नोड, म्हणजे पिनांची कामे नेमणारा भागच, हेक्स ८०० पासून सुरू होतो, त्यामुळे तेथे ऑफसेट (आरंभापासूनचे अंतर) हेक्स ९० लिहावा लागतो. त्यासाठीचा तयार मॅक्रो वापरल्यास ही वजाबाकी आपोआप होते. आकडे हाताने लिहिणाऱ्यांची चूक बहुतेक वेळा इथेच होते.

हे मूल्य युजर प्रोग्राममधून थेट रजिस्टरमध्ये लिहिण्याचा मोह टाळावा. कंट्रोल मॉड्यूल फक्त प्रिव्हिलेज्ड मोडमधील, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने (कर्नेलने) केलेले, लेखन स्वीकारते, त्यामुळे तसा प्रयत्न वाया जातो. त्याऐवजी डिव्हाइस ट्रीत पिनमक्सखाली एक गट तयार करावा आणि ओमॅप ड्युअल-मोड टायमर पीडब्ल्यूएमच्या (टायमरमधून ठरावीक रुंदीच्या पल्स काढणाऱ्या ड्रायव्हरच्या) नोडमध्ये ‘डिफॉल्ट’ या नावाने त्याचा उल्लेख करावा. त्याच नोडमध्ये टायमर ४ चा संदर्भ द्यावा. ड्रायव्हर सुरू होताना कर्नेल ही स्थिती स्वतःच लागू करतो, ड्रायव्हरमध्ये त्यासाठी वेगळी ओळ लिहावी लागत नाही.

बोर्ड पुन्हा सुरू केल्यावर डीबगएफएसमधील (कर्नेलची तपासणी-माहिती दाखवणाऱ्या फोल्डरमधील) पिनांची यादी उघडावी. हेक्स ९० म्हणजे १४४, आणि प्रत्येक रजिस्टर ४ बाइटचे असल्याने या यादीत आपली पिन ३६ क्रमांकाची; तिच्यासमोर शेवटचा हेक्स अंक ‘ए’ दिसला पाहिजे. ‘पिन आधीच घेतली आहे’ अशा अर्थाचा संदेश कर्नेलच्या लॉगमध्ये आला, तर दुसऱ्या एखाद्या नोडने किंवा केपच्या (वर जोडलेल्या पूरक बोर्डच्या) ओव्हरलेने, म्हणजे डिव्हाइस ट्रीतील भर घालणाऱ्या फाइलने, तीच पिन मागितली आहे असे समजावे आणि त्यांपैकी एक दावा काढून टाकावा.

शेवटी सिसएफएसमधून (कर्नेलची साधने फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या फोल्डरमधून) पीडब्ल्यूएम चॅनल एक्सपोर्ट करावा, म्हणजे वापरासाठी खुला करावा. सर्व्होसाठी (पल्सच्या रुंदीनुसार कोन बदलणाऱ्या मोटरसाठी) पीरिअड २,००,००,००० नॅनोसेकंद आणि पल्स १५,००,००० नॅनोसेकंद द्यावी; पीरिअड आधी लिहावा, नाहीतर पल्सची रुंदी नाकारली जाते. २४ मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर हा पीरिअड ४,८०,००० टिकचा होतो. चॅनल एनेबल करताच ऑसिलोस्कोपवर दर २० मिलिसेकंदांनी दीड मिलिसेकंदाची पल्स उमटली पाहिजे.