सांस्कृतिक धोरणात आपलं म्हणणं कसं घालायचं
केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट 2024 मध्ये जळालं तेव्हा अख्खं कोल्हापूर हळहळलं, पण नुसतं हळहळून धोरण बदलत नाही बघा. आधी आपली माणसं जमवा, पेठेतली तालीम मंडळं, शाहीर, हौशी नाटकवाले, आणि पडद्यामागची पोरंपण, कारण लाईट लावणाऱ्यालाच माहीत असतं वायर कुठं तापते ते. मग राज्याचं सध्याचं सांस्कृतिक धोरण सगळ्यांनी मिळून वाचा, आणि युनेस्कोच्या सांस्कृतिक विविधतेबद्दलच्या 2005 च्या करारातलं कलम 11 पण, त्यात नागरी समाजाचा सहभाग स्पष्ट लिहिलाय आणि भारतानं तो करार मान्य केलाय.

मागण्या तीनच ठेवा. बजेट एप्रिलपासून लागू होतं म्हणून दिवाळीच्या आसपासच निवेदन द्या, आणि आवक विभागातनं शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय हलू नका.

मीटिंगचं इतिवृत्त मात्र लेखी मागाच, आमची एक मीटिंग दोन तास चांगली झाली, चहापण झाला, पण कागदावर काहीच नव्हतं, साहेबांची बदली झाली आणि आम्ही परत पहिल्यापासून सुरू. अधिकाऱ्यांनाही एकदा नाटकाच्या तालमीला बोलवा, विंगेत उभं करा, फाईलमध्ये न दिसणारं तिथं दिसतं.