व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी
धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, मुले पळवणारी टोळी फिरत असल्याच्या अफवेवरून जमावाने भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना ठार मारले. त्या काळात व्हॉट्सअ‍ॅपवर देशभर फिरलेली अपहरणाची एक चित्रफीत तर कराचीतील बालसुरक्षेच्या जाहिरातीचा शेवट कापून तयार केलेली होती. म्हणून आलेला व्हिडिओ आधी थांबवून दुकानांच्या पाट्या, वाहनांचे क्रमांक आणि माणसांची बोली बारकाईने पाहावी. स्पष्ट दिसणाऱ्या दृश्याचा स्क्रीनशॉट घेऊन गुगल लेन्स या चित्रावरून शोध घेणाऱ्या साधनावर शोधल्यास ते जुने किंवा परगावचे असल्याचे अनेकदा उघड होते. तरीही शंका उरल्यास त्या गावातील ओळखीच्या माणसाला किंवा पोलीस ठाण्याला फोन करावा. स्वतः चित्रीकरण केले असेल, तर मूळ फाइल न कापता जपावी, ठिकाण व वेळ नोंदवावी आणि पीडितांचे चेहरे झाकूनच ते प्रसिद्ध करावे.