ओसाड पडलेलं तांब्याचं गाव वीस मिनिटांत कसं सांगावं

माझे वडील तांबट आळीतले. मठारकामाच्या ठोक्यांवर आम्ही भावंडांनी पाढे पाठ केले. पुढे मी शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे कसबा पेठेतल्या आमच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर ‘बाई, काहीतरी सांगा’ अशी फर्माईश झाली, तेव्हा मी अलास्कातलं केनेकॉट हे तांब्याच्या खाणीचं ओसाड गाव निवडलं. पहिल्या खेपेला फजिती झाली. फुटक्या खिडक्यांचे फोटो एकामागून एक दाखवत गेले आणि पहिल्या रांगेतले काका घोरायला लागले. तेव्हापासून रीत बदलली.

फोटो नंतर. आधी घरातला कळकलेला तांब्या घेऊन जा. घासायचा नाही, पितांबरीचा मोह आवरा. तो हातोहात फिरू द्या. हिरवी झाक सगळ्यांनी बघितली की सांगा: १९०० सालच्या उन्हाळ्यात क्लॅरेन्स वॉर्नर आणि जॅक स्मिथ या दोघांना हिमनदीच्या वर, डोंगरावर असाच हिरवा पट्टा दिसला. घोड्यांना कुरण मिळालं असं त्यांना वाटलं, अशी आख्यायिका आहे. ते निघालं तांब्याचं खनिज, आणि इतकं कसदार की काही नमुन्यांत ७० टक्के तांबं.

लगेच खाणीत शिरू नका, आधी वाट सांगा. बर्फातून तांबं बाहेर काढणार कसं? स्टीफन बर्च या तरुण इंजिनिअरनं हक्क विकत घेतले, मॉर्गन आणि गुगेनहाइम या अमेरिकेतल्या बड्या भांडवलदारांनी पैसा ओतला आणि १९११ मध्ये कॉर्डोव्हा बंदरापर्यंत १९६ मैलांची रेल्वे पुरी झाली. मैलांचे किलोमीटर घरूनच करून न्या. मी एकदा ‘१९६ किलोमीटर, म्हणजे पुणे-मुंबईच’ असं ठोकून दिलं आणि रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी सगळ्यांदेखत चूक दाखवली. ३१५ होतात. ‘ही गाडी चालायची नाही, कधीच नाही,’ अशी टिंगल ‘कॉपर रिव्हर अँड नॉर्थवेस्टर्न’ या रेल्वेच्या नावाच्या आद्याक्षरांवरून व्हायची: सी, आर, एन, डब्ल्यू म्हणजे ‘कान्ट रन अँड नेव्हर विल’. चालली २७ वर्षं.

आता तो लाल रंगाचा, १४ मजली लाकडी कारखाना दाखवा. दगड वरच्या मजल्यावर आत यायचा आणि फुटत, चाळला जात, आपल्याच वजनानं खाली उतरायचा. कमी कसाच्या दगडातलं तांबं अमोनियानं विरघळवून काढत. इथे मी कल्हईवाल्याची आठवण काढते. त्याचा नवसागर म्हणजे अमोनियाचाच क्षार. तो पांढरा धूर, तो नाकात जाणारा वास! कट्ट्यावरच्या प्रत्येकाला आपापला वाडा आठवतो, पाच मिनिटं कल्हईतच जातात. जाऊ द्या.

गावातली शाळा, दवाखाना, टेनिसचं मैदान एका वाक्यात उरका. दारू मात्र सोडू नका: कंपनीच्या गावात बंदी, म्हणून जवळच मॅकार्थी नावाचं दुसरं गाव वसलं आणि तिथे ती मिळायची. घोरणारे काका इथे हमखास जागे होतात.

शेवट सांगताना भुताटकीचा सूर लावू नका. गाव शापानं ओस पडलं नाही. कसदार दगड संपत आला होता, मंदीत तांब्याचे भाव कोसळले होते. सुमारे २० कोटी डॉलरचं तांबं देऊन झाल्यावर नोव्हेंबर १९३८ मध्ये शेवटची गाडी सुटली. ज्या खाणीसाठी रूळ टाकले तीच बंद, मग गाडी कुणासाठी?

स्पेलिंगचा किस्सा राखून ठेवा. हिमनदीचं नाव केनिकॉट, रॉबर्ट केनिकॉट या निसर्गअभ्यासकावरून पडलेलं. कंपनीच्या कागदावर ‘आय’च्या जागी ‘ई’ लागला आणि तोच कायम राहिला. आमच्याकडे रेशनकार्डावर आडनाव चुकलेले तिघेजण आहेत, त्यांना हे फार आवडतं.

‘मग आता ते कोणाचं?’ हे कुणीतरी विचारतंच. १९९८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्यानं बऱ्याच इमारती आणि जमीन विकत घेतली, एवढं सांगायचं, तांब्या परत मागून घ्यायचा आणि चहाला सोडायचं.