कड्यावरची शिंदळमाकडी कशी ओळखाल?

पावसाळ्यात गडावर गेलात की ऊन खाणारे उभे कातळकडे आणि तटबंदीच्या फटी बघा. मातीत शोधू नका. शिंदळमाकडी ही वनस्पती मूठभर मातीच्या भेगेत मुळं रोवते आणि फांद्या खाली लोंबत्या सोडते. कड्याच्या टोकाला वाकायचं नाही, साधी दुर्बीण पुरते.

आधी खोड पाहा. बोटाएवढं जाड, गुळगुळीत, राखाडी-हिरवं आणि गोल. खोडाला चार धारा दिसल्या तर ते माकडशिंग, तिचंच भावंड. काटे असले आणि मोडलेल्या जागी पांढरा चीक दिसला तर तो थोर. पानांच्या कडा दातेरी आणि खाचांतून इवली रोपं फुटलेली, तर ती पानफुटी. ती मूळची मादागास्करची, पण आता जुन्या भिंतींवर आपल्याच घरच्यासारखी राहते.

मग पानं. हीच खरी खूण. माकडशिंगासारख्या तिच्या बहुतेक जवळच्या नातेवाइकांना नावापुरतीच पानं असतात, हिला मात्र पावसात चांगली जाडसर, लांबट पानं येतात. पाऊस सरला की ती गळतात आणि उरतात नुसत्या कांड्या. मी एकदा मार्चमध्ये तिच्यासमोर बसून डबा खाल्ला आणि वाळकी काटकी समजून उठलो. म्हणून उन्हाळ्यात ‘नाही’ म्हणायची घाई करू नका, सप्टेंबरमध्ये पुन्हा या.

तेव्हा फूल सापडलं तर शंकाच नको. रुपयाच्या नाण्याएवढी पाच टोकांची चांदणी, गर्द किरमिजी, त्यावर पिवळे डाग आणि कडेला बारीक केसांची झालर. वर बहुधा एखादी माशी घुटमळत असते. परागीभवन तीच करते, फुलपाखराची वाट बघू नका.

शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. मुंबईचे तेव्हाचे ब्रिटिश गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून ते वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेलने दिलं. अलीकडचे अभ्यासक तिला दुसऱ्या वंशात (जीनसमध्ये) घालतात, त्यामुळे पुस्तकागणिक नाव वेगळं दिसेल. शिवनेरीवर ती आढळते, म्हणून ‘शिवसुमन’ही म्हणतात. महाराष्ट्राच्या सह्याद्रीबाहेर ती रानात मिळत नाही.

खात्रीसाठी खोड, पान आणि फूल असे तीन फोटो घ्या. फांदी तोडू नका, कुंडीसाठी तर नाहीच. हौशी संग्राहक तिच्या मागावर असतात, तेव्हा फोटो टाकण्याआधी फोनमधलं लोकेशन बंद करा आणि कुठला कडा ते लिहू नका.