पहिला फ्लॅट आणि पहिली मेटल कॉन्सर्ट, एकाच आठवड्यात

शुक्रवारी मी सामान हलवलं आणि शनिवारी रात्री मेटलच्या, म्हणजे जोरदार गिटार आणि ड्रमवाल्या रॉक संगीताच्या, कॉन्सर्टला गेलो. दोन्ही तारखा पुढे ढकलता येण्यासारख्या नव्हत्या. रात्री एकच्या सुमारास परतलो तेव्हा कानांत बारीक शिट्टी वाजत होती. त्या शिट्टीमुळे स्वयंपाकघरातल्या सिंकखालचा पाइप ठिबकतोय हे मला ऐकूच आलं नाही. सकाळी पुस्तकांची दोन खोकी खालून भिजून मऊ पडली होती. आज पुन्हा अशीच वेळ आली तर मी काय करीन, ते क्रमाने सांगतो.

१. सामानाआधी तासभर रिकाम्या घरात

किल्ली मिळाली की आधी एकटेच जा. भिंतीवरची ओल, तडकलेली फरशी, न लागणारी कडी, सगळ्याचे फोटो काढा. मीटरच्या आकड्यांचे फोटोही काढा आणि ते त्याच दिवशी घरमालकाला पाठवून द्या. घर सोडताना डिपॉझिटवरून वाद निघाला तर तोंडी आठवणीला कोणी विचारत नाही, तारखेसह पाठवलेला फोटो मात्र उपयोगी पडतो.

मग पाणी. प्रत्येक नळ पाचेक मिनिटं सोडून ठेवा आणि नंतर सिंकखाली वाकून पाइपांच्या सांध्यांवरून कोरडा टिश्यू पेपर फिरवा. डोळ्यांना न दिसणारा थेंब कागदावर लगेच उमटतो. घराला पाण्याचं वेगळं मीटर असेल तर सगळे नळ बंद करून त्याच्याकडे बघा. काटा तरीही हलत असेल, तर कुठेतरी गळती आहे.

पाण्याचा मेन कॉक कुठे आहे ते शोधा आणि एकदा पूर्ण बंद करून उघडून पाहा. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक जाम होतो. घरात पाणी पसरल्यावर हे कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं. अडकला असेल तर जोर लावू नका, घरमालकाला सांगा. विजेच्या बोर्डावर कुठला स्विच कुठल्या खोलीचा, हे चिकटपट्टीवर लिहून तिथेच लावा. दिवे आहेत का तेही बघा. आधीचे लोक कधीकधी बल्बसुद्धा काढून नेतात.

२. सामान

पुस्तकं लहान खोक्यांत, पांघरुणं मोठ्या खोक्यांत. उलटं केलंत तर खोकं उचलतानाच तळ सुटतो. आत काय आहे ते खोक्याच्या बाजूवर लिहा, कारण एकावर एक रचल्यावर झाकण दिसत नाही. फ्रिज आडवा आणला असेल तर लगेच सुरू करू नका. काही तास उभा ठेवा, म्हणजे कॉम्प्रेसरमधलं तेल जागेवर येतं.

एक खोकं वेगळं करा आणि ते सगळ्यात शेवटी गाडीत चढवा, म्हणजे सगळ्यात आधी उतरेल. त्यात चादर, टॉवेल, साबण, औषधं, चार्जर, कात्री, स्क्रू ड्रायव्हर आणि दोन बल्ब. त्याच खोक्यात कॉन्सर्टचं तिकीट, ओळखपत्र, इअरप्लग आणि बंद बूट. मी हे केलं नव्हतं. बँडचा टी-शर्ट शोधायला नऊ खोकी फोडली, आणि माझे सगळेच टी-शर्ट काळे.

पलंग पहिल्याच दिवशी जोडून टाका. कॉन्सर्टहून आल्यावर स्क्रू पिळायची ताकद उरत नाही. स्पीकर शेजाऱ्यांच्या भिंतीला टेकवू नका. त्याखाली जाड रबर किंवा फोम घाला. तेवढ्याने बासची भिंतीतून आणि फरशीतून जाणारी थरथर थोडी कमी होते, पण पूर्ण थांबत नाही. म्हणून शेजाऱ्यांची ओळख आवाज होण्याआधीच करून घ्या.

३. निघण्यापूर्वी

मेन कॉक बंद करा. एक किल्ली चेन असलेल्या खिशात, दुसरी कॉन्सर्टला न येणाऱ्या मित्राकडे. पिटमध्ये, म्हणजे गर्दीत लोक एकमेकांना ढकलत नाचतात तिथे, उघड्या खिशातून किल्ली पडली तर ती सापडेल ही आशा सोडा. इमारतीचं दार रात्री बंद होतं का, ते विचारून ठेवा. टॅक्सीच्या अ‍ॅपमधला ‘घर’ हा पत्ताही बदला. माझ्या अ‍ॅपमध्ये आईवडिलांचंच घर होतं, आणि मी अर्ध्या वाटेपर्यंत निवांत बसून होतो.

४. कान

हे टाळू नका. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने कामगारांसाठी 85 डेसिबलला दिवसाचे 8 तास ही मर्यादा सुचवली आहे. पुढच्या प्रत्येक 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 88 ला 4 तास, 91 ला 2, आणि 100 वर पोचेपर्यंत उरतात फक्त 15 मिनिटं. मेटलचा कार्यक्रम 100 सहज ओलांडतो आणि सुरुवातीचे बँड धरून तीन-चार तास चालतो.

फोमचा इअरप्लग बोटांत वळून बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवा. अर्धा बाहेर लोंबत असेल तर तो घातला न घातला सारखाच. फिल्टरवाले प्लग संगीत कमी दबकं करतात, त्यांतून गिटार स्वच्छ ऐकू येते. कापसाचा बोळा काही कामाचा नाही.

५. कुठे उभं राहायचं

आवाज सगळ्यात चांगला साउंड इंजिनिअरच्या टेबलाजवळ, कारण तो स्वतःला तिथे जे ऐकू येतं त्यावरूनच मिक्स करतो. अगदी पुढे बँड जवळून दिसतो, पण ड्रम आणि गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज थेट अंगावर येतो आणि गायकाचा आवाज हरवतो. कुठेही थांबलात तरी बाहेर जायची वाट आधी पाहून ठेवा.

गर्दीच्या मध्ये अचानक गोल मोकळा झाला, की मॉश पिट, म्हणजे तो ढकलाढकलीचा नाच, सुरू होणार. 2013 साली कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा पिटच्या व्हिडिओंचा अभ्यास केला. मॉश पिटमधल्या माणसांची हालचाल वायूच्या रेणूंसारखी निघाली, आणि सर्कल पिटची, म्हणजे सगळे गोल धावतात त्या पिटची, भोवऱ्यासारखी. आत गेल्यावर मात्र भौतिकशास्त्रापेक्षा शिष्टाचार जास्त दिसतो. कोणी पडला तर आसपासचे सगळे थांबून त्याला उचलतात. बूट सापडला की हात उंचावून दाखवायचा. ढकलायचं ते तळव्याने, मूठ वापरायची नाही. कडेला उभ्या असलेल्याला आत ओढायचं नाही. गर्दी दोन भागांत फाटून मध्ये रस्ता होऊ लागला तर ती ‘वॉल ऑफ डेथ’, म्हणजे दोन्ही बाजू धावत येऊन एकमेकांवर आदळणार. पहिल्यांदा गेला असाल तर तेव्हाच मागे सरका.

दाटी वाढली की हात छातीसमोर घ्या, म्हणजे श्वासाला जागा राहते. रेट्याच्या विरुद्ध जोर लावू नका. लाट ओसरली की तिरकं चालत कडेला या.

हेडबँगिंगलाही, म्हणजे तालावर डोकं जोरात हलवण्यालाही, माप आहे. 2008 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या एका लेखानुसार मिनिटाला साधारण 146 ठोक्यांच्या गाण्यावर मान 75 अंशांपेक्षा जास्त हलवली तर डोक्याला सौम्य इजा होऊ शकते. तेव्हा गुडघे सैल ठेवा, कंबरेतून झुला, मानेला झटके कमी द्या. शिंगांची खूण (तर्जनी आणि करंगळी उभी) करताना अंगठा आत दुमडा. तो बाहेर राहिला तर अमेरिकन सांकेतिक भाषेत त्याचा अर्थ ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ असा होतो. ते सांगायचं असेल तर प्रश्नच नाही.

६. परतल्यावर

कानांतली शिट्टी बहुधा एक-दोन दिवसांत जाते. ती गेली नाही किंवा ऐकू कमी येऊ लागलं, तर वाट न पाहता कानाच्या डॉक्टरांकडे जा.

घरात शिरल्यावर मेन कॉक उघडा, पाणी प्या, आणि सिंकखालच्या सांध्यांवरून हात फिरवा. ठिबकतंय का ते आज तुमच्या कानांना कळणार नाही, बोटांना कळेल. हात ओला झाला तर कॉक पुन्हा बंद करा, खोकी तिथून हलवा आणि मगच झोपा.