भिंतीवरच्या क्विल्टची झोळ पडलेली किनार: धाग्याची दिशा बदलून केलेली दुरुस्ती

तुकडे जोडून शिवलेली ही क्विल्ट, म्हणजे गोधडी, टांगल्यावर दोन्ही बाजू लाटांसारख्या झाल्या, खालची कड मध्येच लोंबली. दोष शिलाईचा नव्हता, कापणीचा होता.

कापडाचा उभा धागा, म्हणजे काठाला (थानाच्या विणलेल्या कडेला) समांतर जाणारा, सर्वांत कमी ताणला जातो. आडवा थोडा ताणतो आणि ४५ अंशांतला उरेप, म्हणजे तिरकी दिशा, तर भरपूर. पलंगावरच्या क्विल्टला हे खपून जातं. टांगलेल्याला स्वतःचं वजन सतत खाली ओढत असतं.

कोपऱ्यावर उभे, तिरके मांडलेल्या, शिवून ६ इंची होणाऱ्या चौकोनांभोवतीचे त्रिकोण मुळात चुकले होते. चौकोन एकदाच तिरका कापल्याने लांब बाजू उरेपावर आली आणि तीच नेमकी बाहेरच्या कडेला. नवे त्रिकोण ९¾ इंची चौकोन दोन्ही कर्णांवर कापून केले. चार तुकडे, लांब बाजू सरळ धाग्यावर. कोपऱ्यांचे मात्र ५⅛ इंची चौकोन एकदाच कापायचे, कारण तिथे दोन आखूड बाजू बाहेर येतात आणि अशा कापणीत त्याच सरळ धाग्यावर राहतात.

बाजूच्या पट्ट्या काठाला समांतर कापल्या. त्यांची लांबी क्विल्टच्या कडेवरून नव्हे, मधोमध मोजली. कड आधीच ताणलेली असते. अस्तराचा उभा धागाही वरून खालीच ठेवला.

नक्षीमुळे उरेप कड टाळता येत नसेल, तर जोडण्याआधी कापलेल्या कडेपासून ३ मिमीवर साधी टीप मारावी. इस्त्री घासू नये, दाबून उचलावी. ओल्या वाफेने उरेप हमखास ताणतो.